नवऱ्याचं रक्त

माझा राग नाकावर असतो, हे मला लहानपणापासून सगळे सांगत आले. आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही, सासरी हिचं कसं होणार? सासरी काही व्हायची वेळच आली नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी विधवा झाले आणि भावाने मला नर्सिंगला घातलं. तिथे माझ्या जिभेचं कौतुक झालं. बायकांच्या वॉर्डात एक तरी तोंडाळ सिस्टर लागते, असं आमची मेट्रन म्हणायची, नाहीतर नातेवाईक खाटेवर चढून बसतात. मला ते पटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी त्या जिभेने कितीतरी सासवांना, दारुड्या नवऱ्यांना आणि एका तलाठ्याला सरळ केलं. पण एकदा त्याच जिभेने मी एक घर मोडलं.

मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र झाला, त्याच्या आसपासची ही गोष्ट. शहापूरला बारा खाटांचं एक लहानसं इस्पितळ होतं, त्यात मी होते. लोक त्याला दवाखानाच म्हणत. ऑपरेशनची खोली म्हणजे मागची पडवी भिंत घालून बंद केलेली. टेबलावर उजेड यावा म्हणून छपरात चार काचेची कौलं बसवली होती. बारा वाजता ऊन बरोबर पेशंटच्या पोटावर यायचं, म्हणून मोठी ऑपरेशनं अकरा ते एक या वेळात धरायची. दर बुधवारी मुंबईहून एक सर्जन यायचे. आसनगावला गाडीतून उतरायचे, टांग्याने दवाखान्यात यायचे, हात धुवायच्या आधी दोन कप चहा घ्यायचे. त्यांना आम्ही मोठे डॉक्टर म्हणायचो. इथेच राहणारे ते आमचे डॉक्टर. आमचे डॉक्टर वयाने मोठे, पण नावं अशीच पडतात.

मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, सिद्धगडाखालच्या एका वाडीतून एक जोडपं आलं. बरोबर नवऱ्याची आई. वाडी ते मुरबाड बैलगाडीने, आणि मुरबाडहून किन्हवलीवरून एस.टी.ने. बाई पंचविशीची असेल. ओठ, नखं, जीभ, सगळं पांढरंफटक. पोटात नारळाएवढी गाठ. पाच वर्षं तिच्या अंगावरून जात होतं, आणि पाच वर्षं ती तशीच लावणीला उभी राहत होती. मूल नव्हतं. सासू म्हणाली, "भगत झाला, अंगारा झाला, आता तुमी बगा." म्हणजे भगताच्या खालोखाल आमचा नंबर.

नवरा उंच, हडकुळा, कमी बोलणारा. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचा, उन्हाळ्यात वीटभट्टीवर जायचा. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले, तर हा खाटेवर मांडी घालून बायकोची वेणी घालत बसला होता. तिचा दंड वर उचलला की तिला धाप लागायची, म्हणून. तेलाचा हात लावून, कंगव्याने भांग काढून, अगदी सराईतपणे. बाजूच्या खाटांवरच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी म्हटलं, "काय रे, न्हाव्याकडे कामाला होतास का?" तो लाजला. ती मात्र लाजली नाही. म्हणाली, "त्याला येते बाय. माज्यापेक्शा बरी घालतो."

खरं सांगते, मला त्या दोघांचा हेवा वाटला. माझ्या नवऱ्याचा चेहरासुद्धा मला तेव्हा फोटो बघून आठवावा लागत होता.

गाठ काढायची तर आधी अंगात रक्त पाहिजे. महिनाभर आम्ही तिला लोहाची इंजेक्शनं दिली, लिव्हरची दिली, नाचणीची भाकरी आणि पालेभाजी खाऊ घातली. नखांवर जरा रंग आला. मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ पिशवीच्या भिंतीत आहे. सगळी पिशवी काढून टाकणं सोपं. पण दोघांनी हात जोडले. पिशवी ठेवा, आमाला पोर पायजे. डॉक्टरांनी पुन्हा एकदा पोट चाचपून बघितलं. मग म्हणाले, ठेवायचा प्रयत्न करू, पण रक्त जाईल, रक्ताची तयारी पाहिजे.

त्या काळी आमच्याकडे रक्त म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हती. मुंबईच्या रक्तपेढीतून मोठे डॉक्टर एक बाटली बर्फात घालून आणू शकत होते, तीही मिनतवारीने. बाकी नातेवाइकांकडून घ्यायचं. तिचे दोघे भाऊ मुरबाडकडच्या आपल्या गावाहून आले. आमच्या डॉक्टरांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर सगळ्यांच्या बोटाचे थेंब घेऊन गट तपासला. भावांचा जुळला नाही. नवऱ्याचा जुळला.

मला वाटलं, चला, काम झालं. तर मोठा भाऊ पुढे आला आणि हात जोडून म्हणाला, "नवऱ्याचं नको."

"का रे बाबा?"

"त्याचं रगत हिच्या अंगात गेलं म्हंजे दोगं एका रगताची झाली. मंग ती त्याची बायको कशी ऱ्हाईल? भईन झाली."

मी हसले. चांगली खो खो हसले. आमचे डॉक्टर मला म्हणाले, "बाई, हसू नका." त्यांनी त्या लोकांना समजावून सांगितलं, रक्त म्हणजे पाणी, मीठ, लोह, त्याला नातं नसतं. सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर सासू म्हणाली, "बराबर हाय सायेब. पन नवऱ्याचं नको." खाटेवरची ती पांढरी बाईसुद्धा म्हणाली, "नको." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत. शेवटी ठरलं की मुंबईची एक बाटली आणि सलाइन यांवर भागवायचं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर गेले होते. नवरा तिथे बायकोची लुगडी धुवत होता. मला बघून उभा राहिला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "बाय, येल आली तर माजं घ्या. पन आमच्या म्हातारीला सांगू नका. तिलापन नको. तुमी, मी आनी डाक्टर, तेवड्यातच."

मी विचारलं, "तुला नाही वाटत तसं? भाऊबहीण होण्याचं?"

"वाटते तर," तो म्हणाला. "पन आदी ती असली पायजे ना."

मी त्याला शब्द दिला. विहिरीच्या काठावर उभी राहून, माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ घेऊन दिला.

पौषातल्या बुधवारी साडेअकराला टेबलावर घेतलं. खोलीत आम्ही चौघं. मोठे डॉक्टर, डोक्याशी बसून इथर देणारे आमचे डॉक्टर, हत्यारं देणारी एक वयस्क सिस्टर, आणि मी. माझ्याकडे रक्तदाब, सलाइन आणि पळापळ. दर पाच मिनिटांनी दंडाला पट्टा आवळायचा, कोपराच्या खळीत नळी लावून ऐकायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. पाऱ्याच्या त्या उभ्या नळीकडे बघून बघून मला स्वप्नातसुद्धा पारा दिसायचा.

सुरुवातीला एकशे दहा. मग एकशे आठ. गर्भाशयाच्या मानेभोवती डॉक्टरांनी रबराची नळी आवळून बांधली होती, रक्त कमी यावं म्हणून. गाठ सोडवायला अर्धा तास लागला. ती बाहेर आली आणि ताटलीत पडली तेव्हा वयस्क सिस्टर "गेली बाई एकदाची" असं म्हणाली. आणि त्याच वेळी ती रबराची नळी सटकली.

रक्त कसं आलं ते मला अजून दिसतं. उडालं बिडालं नाही. तळातून पाणी लागलं की खड्डा भरतो, तसं पोट भरलं. डॉक्टरांचे हात मनगटापर्यंत दिसेनासे झाले. काचेच्या कौलांतून ऊन बरोबर त्यावर पडलं होतं.

"प्रेशर?"

"नव्वद."

"परत घ्या."

"सत्तर."

डॉक्टरांनी मूठ वळून पोटात आत घातली आणि पाठीच्या कण्यावर दाबून धरली, मोठी धमनी चेपायला. दुसऱ्या हाताने चाचपत होते. मला म्हणाले, टेबलाचं पायथ्याचं टोक उचला. मी आणि आमच्या डॉक्टरांनी मिळून पायथा उचलून खाली विटा सरकवल्या, डोकं खाली, पाय वर. आमच्या डॉक्टरांनी इथर बंद केलं. सलाइन मी धारेने सोडलं. मुंबईची बाटली लावली. ती बर्फातून काढून तासभर झाला होता, तरी गारच होती. घोट्यावर कापून आमच्या डॉक्टरांनी आणखी एक शीर उघडली, कारण हाताच्या शिरा आता बोटाला लागेनात.

"प्रेशर?"

मी पट्टा आवळला, सोडला. पुन्हा आवळला. नळीत काही ऐकू येईना. मनगट धरलं, तिथेही नाही. मानेपाशी बोट ठेवलं तर काहीतरी धागा चालल्यासारखा.

मी म्हटलं, "लागत नाही."

आमच्या डॉक्टरांनी दाब वाढवायचं इंजेक्शन हातात घेतलं. मोठे डॉक्टर वर न बघता म्हणाले, "फुटक्या मडक्यात पाणी ओतून काय होणार? आधी मला भोक सापडू द्या. रक्त आणा. कुठूनही आणा."

मी दार उघडलं. सासू आणि दोघे भाऊ पुढच्या अंगणात चिंचेखाली बसले होते. नवरा मात्र मागच्या दाराशी, पायरीवर, बाही आधीच वर करून बसला होता. मी त्याला ड्रेसिंगच्या खोलीत बाकावर आडवं केलं, दंड बांधला, सुई घातली आणि बाटली खाली धरून हलवत राहिले. रक्त गोठू नये म्हणून बाटली हलवत राहावी लागते. तो छताकडे बघत होता. एकदाच विचारलं, "हाय का ती?"

"आहे."

बाटली भरली. म्हणाला, दुसरी भरा. मी म्हटलं, गप्प पड. त्याने सुई धरलेला माझा हात दुसऱ्या हाताने पकडून ठेवला. मी अर्धी आणखी घेतली. घ्यायला नको होती, तो स्वतः काही पैलवान नव्हता.

ते रक्त कोमट होतं. तिच्या घोट्यातून ते आत जायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी फाटलेली शीर पकडली होती, आणि टाक्यावर टाका घालत होते. पिशवी काढा, असं आमचे डॉक्टर दोनदा म्हणाले. मोठ्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्या दोघांनी हात जोडले होते ते त्यांच्या डोक्यात असावं. मी पट्टा आवळत राहिले. काही नाही. काही नाही. मग पारा साठावर असताना दूर कुठेतरी टक् असं एकदा वाजलं, मग दोनदा. मी "साठ" असं म्हणाले आणि मला रडू फुटलं. वयस्क सिस्टर म्हणाली, रडायचं तर बाहेर जाऊन रड, इथे नाकाचं पाणी पडेल. तीन वाजता दाब शंभर झाला. पिशवी शाबूत होती.

नवऱ्याने बाही खाली करून, गोड चहा पिऊन, आईजवळ चिंचेखाली जाऊन बसायचं ठरवलं होतं. उठला तो भिंतीला धरून. अंगणात जाऊन म्हणाला, "उन्हाची चक्कर आली." पौषातलं ऊन. पण त्याच्या आईने विश्वास ठेवला.

इथपर्यंत सगळं बरं झालं होतं. हे मी मुद्दाम लिहिते. कोणी चुकलं नव्हतं, जिवावर आलं ते टळलं होतं, मूल होण्याची आशासुद्धा राखली होती. आठव्या दिवशी टाके काढले. ती उठून बसायला लागली, पेज सोडून भात खायला लागली. नवरा परत तिची वेणी घालायला बसायला लागला.

फक्त सासूचं काहीतरी बिनसलं होतं. सुनेला भाकरी द्यायची ती लांबून ताटलीत टाकल्यासारखी. सुनेच्या तांब्यातलं पाणी प्यायची नाही. सुनेने हात लावलेली चादर काठीने ओढायची. दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी फेरीला गेले, तर नवरा खाटेवर मागे बसून वेणी घालत होता, आणि सासू शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "कोनाचं रगत घातलं, कोन जाने. मुंबईची बाटली. तवा जिवाची पडली व्हती, इचारलं नाय. कंच्या जातीचं, कंच्या धर्माचं. आता ही माज्या चुलीपाशी कशी येयाची? मी नाय येऊ देयाची. लेकाला दुसरी करीन." सून खाली मान घालून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि नवरा तिच्या मागे बसलेला असल्यामुळे त्याला ते दिसत नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मरणाच्या दारातून ओढून आणलेली बाई, आणि ही म्हातारी तिची जात विचारते! मला वाटलं, हिला असं काही ऐकवावं की पुन्हा तोंड उघडणार नाही. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "परक्याचं कुणाचं? तुमच्या लेकाचं रक्त आहे तिच्या अंगात! दीड बाटली दिलंय त्याने. तुमचंच रक्त आहे ते. आता काढा तिची जात!"

म्हातारीचं तोंड बंद झालं. अगदी मला हवं तसं बंद झालं.

मी खाटेकडे बघितलं. तिने मान वळवली नव्हती. समोर बघतच विचारलं, "खरं काय?"

तिचे तीन पेड त्याच्या बोटांत तसेच होते. तिने हात मागे नेला, अजून दंड उचलताना तिला दुखत होतं, आणि केस त्याच्या हातातून हळूच काढून घेतले. पुढे घेतले. डोक्यावरून पदर ओढला. तो खाटेवरून उतरून बाजूला उभा राहिला. जसा एखादा पाहुणा चुकून बायकांच्या खोलीत शिरलेला असावा, तसा उभा होता.

मी म्हटलं, "अहो, मी रागात बोलले." म्हटलं, "त्यात काही नसतं." म्हटलं, "डॉक्टरांना बोलवते, ते सांगतील." कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. त्याने मात्र एकदा बघितलं. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिचे भाऊ आले आणि तिला माहेरी घेऊन गेले. किन्हवलीच्या गाडीपर्यंत मी खिडकीतून बघत होते. पुढे दोघे भाऊ, मधे ती, आणि वीस पावलं मागे हा, डोक्यावर तिचं बोचकं घेऊन. पुढच्या बुधवारी मोठ्या डॉक्टरांना कळलं. मला एवढंच म्हणाले, "सांगायची काय गरज होती?"

महिन्याभराने तिचा नवरा एकटाच आला. आजारी असल्यासारखा दिसत होता. औषध नको म्हणाला. ड्रेसिंगच्या खोलीच्या दारात उभा राहून विचारलं, "बाय, ते रगत परत काढता येल काय? माजं तेवडंच. दीड बाटली. तिला दुसरं कुनाचं भरा. मी आननार मानूस."

मी मान फिरवली. मला त्याच्यासमोर रडायचं नव्हतं, तो हक्क मी घालवला होता. बुधवारी मी हे मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "काढायची गरजच नाही. रक्तातल्या पेशी तीन-चार महिने जगतात, मग मोडतात. दिलेलं रक्त चार महिन्यांत संपतं. वैशाखात तिच्या अंगात त्याचा एक थेंब उरणार नाही. सगळं तिचं स्वतःचं."

हे ऐकून मला केवढा आनंद झाला! मी त्याला निरोप धाडला. तो धावत आला. वैशाखापर्यंत तो चंद्रावर दिवस मोजत होता, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर. वैशाख संपता संपता मी दोन दिवसांची रजा टाकली, एस.टी.ने मुरबाडला गेले, तिथून तो मला चालत तिच्या माहेरी घेऊन गेला. वाटेत एकदाच बोलला. "पटेल ना त्यांना?" मी म्हटलं, "डॉक्टरांचं शास्त्र आहे, न पटून जातील कुठे?"

अंगणात घोंगडी टाकली होती. तिचे भाऊ, चार जाणती माणसं, आणि मधे तिचा चुलता. सत्तरीचा असेल, उघडाबंब, डोळ्यांनी अधू. ती दाराच्या आत, भिंतीला टेकून बसली होती. अंग भरलं होतं, ओठांना रंग आला होता. मी इतकी चांगली दिसणारी बाई वाचवली, असं माझ्या मनात आलं, आणि मला माझीच लाज वाटली.

मला काळा चहा दिला. मग मी सांगितलं. चार महिने, पेशी, मोडतात, नवीन होतात. नखाचं उदाहरण दिलं, केसांचं दिलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हे तीनदा सांगितलं. म्हाताऱ्याने मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "बाय, तुजी आय हाय?"

"आहे."

"तिचं दूद प्यालीस त्याला किती वर्सं झाली?"

मी म्हटलं, तीस-बत्तीस.

"आज हाय काय अंगात? येक थेंब?"

"नाही."

"मंग ती तुजी आय ऱ्हायली नाय?"

म्हाताऱ्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्याला खरोखर वाईट वाटत होतं, माझ्यासाठी सुद्धा. तो म्हणाला, "दिलेलं संपते बाय. दिलेलं म्हनून नातं संपत नाय." मग दाराकडे तोंड करून म्हणाला, "पोरी, तू सांग. तुजं तू सांग. तुला जायाचं असंल तर मी कुनाला आडवू देयाचा नाय."

तिचा नवरा माझ्या बाजूला उकिडवा बसला होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

ती आतून म्हणाली, "मी मेली व्हती. त्यानं रगत दिलं नि मी जगले. आयनं जीव दिला पयला, दुसरा त्यानं दिला. आता त्याच्यासंगं कशी निजू? डोळे मिटले का त्येच आठवते." मग जरा थांबून म्हणाली, "ठावं नसतं तर झालं असतं."

शेवटचं वाक्य ती माझ्यासाठी बोलली नाही. ती रागावलेलीच नव्हती. पण मी ते आजही ऐकते, कारण त्यात सगळा हिशेब होता. त्यांची समजूत चुकीची होती म्हणून मी माझी सुटका करून घेऊ शकले असते, आणि माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या लोकांनी मला तसं सांगितलंही. पण त्याला ती समजूत ठाऊक होती. ती घेऊनच त्याने वाट काढली होती, आणि ती वाट फक्त माझ्या गप्प राहण्यावर टिकून होती. मला गप्प राहता आलं नाही.

त्याच्या आईने वर्षभरात त्याचं दुसरं लग्न लावलं. तिचा पाट लावू, दुसरा नवरा करून देऊ, असं भाऊ म्हणत होते. तिने ऐकलं नाही, भावाकडेच मोलमजुरी करून राहिली.

तीनेक वर्षांनी तो आमच्याकडे आला. दुसरीपासून झालेलं पोर कडेवर, पोराच्या मांडीवर गळू. मी गळू फोडलं, पट्टी बांधली. पोर रडून रडून त्याच्या खांद्यावर झोपलं. तो बाकावर बसून राहिला, जायला उठेना. मीच विचारलं, तिची काही खबर?

"जातो की," तो म्हणाला. "भाऊबीजेला."

मी हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली.

"पयल्या वर्सी बोलावनं आलं, नाय गेलो. लय वंगाळ वाटलं. दुसऱ्या वर्सी गेलो. आता जातो. वर्सातून तेवडाच टाइम समोरासमोर बसाया गावतो, नि कुनी काय बोलत नाय." त्याने पोराचं डोकं खांद्यावर सारखं केलं. "पाटावर बसवते. कुंकू लावते. खन घालतो मी ताटात. ती खाली बगून ओवाळते, बाय. वर बगत नाय. मी बगतो."